वाटेत उभा राहिलेला इशारा

फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी पुण्यातल्या एका प्रकरणाचा निवाडा केला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४६व्या कलमाखाली हा अधिकार राज्याच्या आयटी सचिवाकडे आहे. तक्रारदार होते पूना ऑटो ॲन्सिलरीज या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक. एका बनावट ईमेलला त्यांनी प्रतिसाद दिला आणि पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले. निवाडा असा झाला की बँकेनं ४५ लाख रुपये द्यावेत, कारण भामट्यांनी पैसे वळवण्यासाठी उघडलेली खाती नीट तपासली गेली नव्हती. नुकसानीचा काही भार मात्र तक्रारदारानंही सोसावा, कारण ईमेलला प्रतिसाद त्यांनीच दिला होता.

अशा तंट्यात तोवर देशात मिळालेल्या मोठ्या भरपायांपैकी ही एक होती, म्हणून तिची बातमी झाली. पण त्या निवाड्याचं महत्त्व रकमेपेक्षा वाटणीत आहे. फसलेला माणूस चुकला हे खरं, आणि त्याला वेळेत कुणी अडवलं नाही हेही खरं, अशी दोन्ही सत्यं त्यात एकत्र नोंदली गेली. ऑनलाइन फसवणुकीबाबत वापरकर्त्याला सावध करण्याचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास याच दोन सत्यांमधल्या ओढाताणीचा आहे. सुरुवातीला सगळा भार माणसाच्या शहाणपणावर होता. हळूहळू, ठेचा खात, तो यंत्रणेकडे सरकत गेला. हा प्रवास अमेरिकेतल्या प्रयोगशाळांतून आणि दिल्ली-मुंबईतल्या कचेऱ्यांतून झाला असला, तरी आज त्याची खरी कसोटी दौंड तालुक्यातल्या केडगावसारख्या गावात लागते आहे.

कोपऱ्यातली सूचना

बनावट संदेशानं माणसाकडून गुपित माहिती काढून घेण्याच्या फसवणुकीचा, म्हणजे फिशिंगचा, जन्म बँकेत झाला नाही. १९९०च्या दशकाच्या मध्याला अमेरिका ऑनलाइन ही अमेरिकेतली सर्वांत मोठी इंटरनेट सेवा होती. काही तरुण कंपनीचे कर्मचारी असल्याची बतावणी करून सभासदांना संदेश पाठवत आणि खात्याच्या तपासणीसाठी पासवर्ड मागत. लोक तो देऊनही टाकत. कंपनीनं यावर जो उपाय केला, तो बहुधा या इतिहासातला पहिला ठळक इशारा म्हणावा लागेल. आमचा कोणताही कर्मचारी तुमचा पासवर्ड किंवा बिलाची माहिती विचारणार नाही, अशी एक ओळ संदेशाच्या खिडकीत कायमची छापली गेली. आज आपल्या प्रत्येक ओटीपीखाली जी ओळ असते, तिची ही पूर्वज.

ती ओळ खरी होती आणि गरजेचीही होती. पण ती सदासर्वकाळ तिथेच होती. जे रोज दिसतं ते काही दिवसांनी दिसेनासं होतं, आणि ज्या क्षणी समोरचा माणूस गोड बोलून पासवर्ड मागत असतो, त्याच क्षणी ती ओळ वाचली जात नाही.

२००१ च्या जूनमध्ये ई-गोल्ड या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेवर असाच हल्ला झाला आणि फिशिंग पैशाच्या व्यवहारात शिरलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत बँकांच्या हुबेहूब नकला निघू लागल्या. तोच लोगो, तेच रंग, तीच पत्राची भाषा, फक्त पत्ता वेगळा. २००३ मध्ये उद्योगांनी एकत्र येऊन अँटी-फिशिंग वर्किंग ग्रुप स्थापन केला.

भारतात २००४ च्या जानेवारीत सर्ट-इन ही संगणक सुरक्षेची राष्ट्रीय संस्था कामाला लागली. मार्च २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात नॅसकॉम या माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या संघटनेच्या नावानं बनावट ईमेल पाठवणाऱ्यांचा खटला निकाली निघाला. फिशिंगसाठी देशात वेगळा कायदा नसतानाही न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं. पुढच्याच महिन्यात पुणं जगभरच्या बातम्यांत आलं. पुण्यातल्या एका बीपीओच्या काही कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या अमेरिकी ग्राहकांशी फोनवर बोलताना त्यांच्याकडून पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर वळवले. त्यात बनावट वेबसाइट नव्हती, व्हायरस नव्हता. विश्वासानं बोलणारा एक आवाज पुरला. संगणक फोडण्यापेक्षा माणसाला बोलतं करणं सोपं, हा धडा पुण्यानं लवकर पाहिला. त्यावर इलाज सापडायला मात्र बराच काळ गेला.

लोक का फसतात, याचा शोध

२००६ साली रचना धामिजा, डग टायगर आणि मार्टी हर्स्ट या तीन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. २२ जणांना खऱ्या आणि बनावट वेबसाइट दाखवून ओळखायला सांगितलं. सर्वांत बेमालूम नकलेनं त्यांतल्या ९० टक्के लोकांना चकवलं. सुमारे चौथा हिस्सा लोकांनी ब्राउझरच्या पत्त्याकडे किंवा सुरक्षेच्या कुठल्याही खुणेकडे पाहिलंच नाही. ते फक्त पानाकडे पाहत होते आणि पान तर नकलेचंच होतं. यात शिकलेले आणि न शिकलेले असा मोठा फरक पडला नाही. फसणारे लोक मूर्ख असतात, या समजुतीला इथे पहिला मोठा धक्का बसला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, आठवडाभराच्या अंतरानं, मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ७ आणि मोझिलाचा फायरफॉक्स २ बाजारात आले. दोन्हींत बनावट साइट ओळखण्याची सोय होती. फायरफॉक्सला त्यासाठी गूगलच्या यादीचा आधार होता. गूगलची ही व्यवस्था सेफ ब्राउझिंग या नावानं ओळखली जाते आणि आज क्रोम, फायरफॉक्स, सफारी असे बहुतेक ब्राउझर तिचा उपयोग करतात.

तिची मूळ पद्धत थोडक्यात अशी. यंत्रं सतत वेब धुंडाळून संशयास्पद पानं तपासतात. बनावट ठरलेल्या पत्त्यांची यादी तयार होते. ती यादी पूर्ण पत्त्यांच्या रूपात नव्हे, तर गणिती पद्धतीनं काढलेल्या छोट्या ठशांच्या रूपात प्रत्येक ब्राउझरपर्यंत पोचते. आपण एखादी लिंक दाबली की ब्राउझर त्या पत्त्याचा ठसा यादीशी ताडून पाहतो. जुळला तर मूळ यादीकडे खात्री करतो आणि पान उघडण्याआधीच आडवा येतो. आपण कुठे जातो हे उघड न होता तपासणी व्हावी, यासाठी ही ठशांची योजना.

यादी झाली. पण ती माणसाला सांगायची कशी? इंटरनेट एक्सप्लोररमध्ये इशाऱ्याचे दोन प्रकार होते. साइट बनावट असल्याची खात्री असेल तर अख्खं पान अडवलं जाई. नुसता संशय असेल तर पत्त्याच्या पट्टीखाली एक छोटी चौकट उघडे. २००८ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ज एगलमन, लॉरी क्रेनर आणि जेसन हाँग यांनी ६० जणांना प्रयोगात घेतलं. या साठ जणांनी ऑनलाइन खरेदी केली आणि मग त्याच दुकानांच्या नावानं आलेले बनावट ईमेल त्यांच्यापुढे आले. ९७ टक्के लोक किमान एका ईमेलला बळी पडून लिंकपर्यंत गेले.

खरा फरक त्यानंतर दिसला. ज्यांना पान अडवणारा इशारा दिसला, त्यांतले ७९ टक्के मागे फिरले. ज्यांना छोटी चौकट दिसली, त्यांचं वागणं काहीच इशारा न मिळालेल्यांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. संशोधकांनी त्या चौकटीकडे बारकाईनं पाहिलं. ती पान उघडल्यावर दोन-तीन सेकंदांनी येत असे. तोवर माणसाची नजर नाव आणि पासवर्डच्या रकान्यांवर गेलेली असे. तो टाइप करायला लागला की पहिल्याच अक्षराला ती चौकट आपोआप नाहीशी होई. म्हणजे इशारा दिला गेला, यंत्रात त्याची नोंदही झाली, पण ज्याच्यासाठी तो होता त्याला तो दिसलाच नाही.

या एका निष्कर्षानं पुढची दिशा ठरली. बाजूला उभं राहून सांगणारा इशारा वाचवत नाही, वाटेत उभा राहणारा वाचवतो.

लाल पान

अडवायचं ठरलं तरी अडवणंही निर्धोक नव्हतं. त्या काळात ब्राउझर आणखी एका कारणानं वारंवार इशारे देत असत. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रात चूक असेल, मुदत संपलेली असेल, तरी तेवढ्याच गंभीर चेहऱ्यानं इशारा येई. आपल्याकडे कितीतरी सरकारी आणि कॉलेजांच्या साइट उघडताना असा इशारा हमखास दिसे आणि पुढे जाण्यावाचून गत्यंतर नसे. कामाची साइट उघडायची तर इशारा ओलांडायचा, ही सवय लोकांच्या बोटांना लागली. खोट्या हाकाटीनं खऱ्या हाकेची किंमत कमी केली.

२०१३ साली, म्हणजे पुण्याचा तो निवाडा आला त्याच वर्षी, देवदत्त अखवे आणि एड्रिएन पोर्टर फेल्ट यांनी क्रोम आणि फायरफॉक्समधल्या अडीच कोटींहून अधिक प्रत्यक्ष इशाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फिशिंगचा इशारा क्रोममध्ये १८ टक्के वेळा आणि फायरफॉक्समध्ये सुमारे ९ टक्के वेळा ओलांडला गेला होता. म्हणजे दहापैकी आठ-नऊ वेळा माणूस मागे फिरला. प्रमाणपत्राच्या इशाऱ्याबाबत मात्र क्रोमचे वापरकर्ते ७० टक्के वेळा बेधडक पुढे गेले होते. लोक इशारे वाचतच नाहीत, असं तोवर तज्ज्ञ सर्रास म्हणत. या आकड्यांनी ते खोडून काढलं. इशारा नेमका असेल आणि क्वचित येत असेल, तर लोक त्याला मानतात.

फेल्ट गूगलमध्ये होत्या. त्यांच्या चमूनं पुढची दोन वर्षं प्रमाणपत्राच्या इशाऱ्याच्या शब्दांवर आणि मांडणीवर घालवली. तांत्रिक शब्द काढले. वाक्यं लहान केली. सुरक्षित मागे जाण्याचं बटण मोठं आणि ठळक केलं. पुढे जाण्याचा मार्ग तपशिलांच्या आड ठेवला, म्हणजे हट्टानं शोधल्याशिवाय तो सापडणार नाही. २०१५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रामाणिकपणे मांडले. लोकांना धोका नीट समजावा हे उद्दिष्ट साधलं नव्हतं. तरी जवळजवळ ३० टक्के जास्त लोक सुरक्षित राहिले होते. समजुतीची वाट पाहिली असती तर तेवढे लोक बुडाले असते. आज संगणकावर वा फोनवर जे गडद लाल पान उघडतं, पुढची साइट फसवी आहे असं सांगतं आणि मागे फिरण्याचं एकच मोठं बटण दाखवतं, ते अशा वर्षानुवर्षांच्या चाचण्यांतून घडलेलं आहे.

कुलपाचा भरवसा

याच काळात आपल्याकडे बँका ग्राहकांना एक साधी खूण शिकवत होत्या. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस पाहा आणि शेजारी कुलपाचं चिन्ह आहे का ते बघा. शाखांतल्या फलकांवर, वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींत हीच सूचना होती. त्या वेळी ती चुकीची नव्हती, पण तिचा अर्थ लोकांपर्यंत अर्धाच पोचला. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येणार नाही. ती साइट कुणाची आहे, हे ते सांगत नाही.

कुलूप दाखवणारी सुरक्षा प्रमाणपत्रं मोफत मिळू लागली तशी भामट्यांनीही ती घेतली. २०१८ च्या अखेरीस फिशिंगच्या निम्म्या साइटवर कुलूप दिसत होतं. जी खूण सावधगिरीची म्हणून शिकवली, तीच चोराच्या दारावर लटकू लागली. ब्राउझर कंपन्यांनी मग उलटा मार्ग धरला. जुलै २०१८ पासून क्रोमनं सुरक्षित साइटची शाबासकी देण्याऐवजी असुरक्षित साइटवर तसा शेरा मारायला सुरुवात केली आणि २०२३ मध्ये कुलपाचं चिन्हच काढून टाकलं. बँकेनं दहा वर्षांपूर्वी शिकवलेली खूण आज अपुरी आहे, हे किती ग्राहकांना सांगितलं गेलं? खूण शिकवण्याची मोहीम मोठी होती. ती खूण जुनी झाल्याचं सांगणारी तेवढी मोठी मोहीम दिसली नाही. आजही अनेक जण कुलूप पाहून निर्धास्त होतात, त्याचं मूळ इथे आहे.

इशारा कुणासाठी?

रिझर्व्ह बँकेनं वेगळ्या बाजूनं बांध घातला. १ ऑगस्ट २००९ पासून कार्डावरच्या ऑनलाइन खरेदीला दुसरी पडताळणी सक्तीची झाली. पुढे तिचं रोजचं रूप ओटीपी झालं. नुसता कार्ड नंबर चोरून भागेना, तशी चोरांची नजर ओटीपीवर गेली आणि फोनवरच्या गोड आवाजाला पुन्हा महत्त्व आलं.

६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं जबाबदारीची वाटणी लेखी केली. बँकेची चूक असेल तर ग्राहकावर बोजा नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं दायित्व शून्य. ग्राहकानं स्वतः पासवर्ड किंवा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही असेच नियम लागू झाले. चार वर्षांपूर्वी पुण्याच्या निवाड्यात एका माणसापुरती झालेली वाटणी आता देशाचा नियम झाली. तिच्यातलं महत्त्वाचं कलम कळवण्याच्या वेळेचं आहे. इशारा आता फक्त बँकेनं ग्राहकाला द्यायचा राहिला नाही, ग्राहकानंही बँकेला द्यायचा झाला.

पण यंत्रणेलाच इशारा मिळाला तर ती तरी जागी होते का? पुण्यानं त्याचंही उत्तर पाहिलं. १० ऑगस्ट २०१८ रोजी अमेरिकेच्या एफबीआयनं बँकांना गोपनीय सूचना पाठवली की जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी पैसे काढण्याचा मोठा कट शिजतो आहे. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, पुण्यातल्या १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला. बँकेच्या यंत्रणेच्या जागी उभ्या केलेल्या बनावट स्विचनं एटीएमच्या मागण्या मंजूर केल्या. २८ देशांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून अडीच कोटी रुपये अवघ्या काही तासांत काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेच्या मार्गानं आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. एकूण नुकसान ९४ कोटी ४२ लाखांचं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीनं या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं.

या हल्ल्यात खातेदारानं कुठलीही लिंक दाबली नव्हती. तरी हा हल्ला या इतिहासात बसतो, कारण कुठे, कुणावर, कोणत्या मार्गानं हे न सांगणारा सर्वसाधारण इशारा बँकांनाही वाचवू शकत नाही, हे त्यातून दिसलं. पिट्सबर्गच्या प्रयोगशाळेत ६० जणांनी जे दाखवलं, तेच इथे कितीतरी मोठ्या प्रमाणावर दिसलं.

फोन आला, ब्राउझर मागे पडला

केडगाव पुणे-सोलापूर लोहमार्गावर आहे. दौंड कृषी उत्पन्न बाजार समितीचा उपबाजार इथे भरतो. कांद्याच्या बाजारभावाच्या याद्या पाहणाऱ्या शेतकऱ्याला राज्यभर 'दौंड-केडगाव' ही ओळ माहीत असते. आजूबाजूला ऊस, कांदा, दूध. कांद्याची पट्टी, उसाचं बिल, दुधाचा पगार, पीएम-किसानचा हप्ता, पीकविमा, या सगळ्यांचे पैसे आता खात्यात येतात आणि आल्याचं फोन सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली, त्याच सुमारास मोबाइलचा डेटा स्वस्त झाला. ज्या माणसानं संगणकावरचा ब्राउझर कधी उघडला नव्हता, तो थेट फोनवरच्या बँकेत पोचला. ब्राउझरमध्ये दहा वर्षं घडवलेलं लाल पान त्याच्या वाटेत आलंच नाही, कारण त्याची वाट मेसेज, फोन आणि व्हॉट्सॲपमधून जात होती.

२०२२ च्या सुमारास राज्यभर फिरलेला एक मेसेज जवळून पाहण्यासारखा आहे. मागच्या महिन्याचं बिल भरलेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर वीज अधिकाऱ्याशी बोला. एवढाच मजकूर. त्यात लिंक नाही, मग ब्राउझर अडवणार काय? वेळ रात्रीची, म्हणजे वीज कार्यालय बंद झाल्यावरची. पाठवणारा साधा दहा आकडी मोबाइल नंबर. फोन केला की समोरचा माणूस बिलाची नोंद दुरुस्त करण्याच्या नावाखाली एक ॲप घ्यायला सांगे. त्या ॲपनं फोनची स्क्रीन त्याला दिसू लागे. मग दहा रुपये भरून बघा, असं तो म्हणे. ते दहा रुपये भरताना टाकलेला पिन तो पाहत असे. महावितरणनं तेव्हा जाहीर केलं की आपले अधिकृत मेसेज व्हीएम-एमएसईडीसीएल, एएम-एमएसईडीसीएल अशा नावांनीच येतात, खासगी नंबरवरून कधीच येत नाहीत. सूचना अचूक होती. पण ती वर्तमानपत्रात होती आणि मेसेज हातात होता.

त्यानंतरच्या वर्षांत भामटे व्हॉट्सॲपवरून थेट ॲपची फाइल पाठवू लागले. कधी वाहतूक दंडाचं चलन, कधी पीएम-किसानची यादी, कधी लग्नपत्रिका. फाइल उघडली की ॲप बसतं आणि येणारे ओटीपी दुसरीकडे जाऊ लागतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांना नवी नंबरप्लेट सक्तीची झाली, तेव्हा ती नोंदवण्याच्या बनावट वेबसाइटही निघाल्या आणि परिवहन विभागाला त्याबद्दल सावध करावं लागलं. सरकारी योजना जितकी ताजी आणि मुदत जितकी जवळ, तितका सापळा पक्का.

इशाऱ्यांचा नवा बांध

या टप्प्यावर सरकार, नियामक आणि कंपन्या यांनी मेसेज, फोन आणि पैसे यांच्या वाटेवर इशारे उभे करायला सुरुवात केली. एप्रिल २०२१ मध्ये आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १५५२६० ही मदतवाहिनी सुरू झाली. तिचाच नंबर पुढे १९३० झाला. तक्रार येताच पैसे ज्या खात्यात गेले, त्या बँकेपर्यंत सूचना पोचते आणि रक्कम पुढे जाण्याआधी रोखता येते. इथे इशारा चोराच्या वाटेत उभा राहतो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून, मेसेजमध्ये लिंक पाठवायची तर ती आधी नोंदवलेली असली पाहिजे, असा नियम दूरसंचार नियामकानं, म्हणजे ट्रायनं, अमलात आणला. पुढच्या वर्षी मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी अक्षरं आली. सरकारी असेल तर जी, व्यवहाराचा असेल तर टी, सेवेचा असेल तर एस, जाहिरातीचा असेल तर पी. २०२४ मध्येच गूगलनं भारतात अँड्रॉइडवर प्रयोग जाहीर केला, की बाहेरून आलेलं ॲप मेसेज वाचण्यासारखी नाजूक परवानगी मागत असेल तर ते बसूच द्यायचं नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये सेफ ब्राउझिंगनंही यादीची वाट पाहणं सोडलं. गूगलच्या म्हणण्यानुसार घातक साइट सरासरी दहा मिनिटांपेक्षाही कमी जगतात आणि यादी मात्र अर्ध्या ते एका तासानं ताजी होई. म्हणून क्रोममध्ये तपासणी त्याच क्षणी होऊ लागली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी सर्वांत साधी कल्पना जाहीर केली. देशातल्या सगळ्या बँकांनी आपल्या साइट 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्याव्यात. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळेल आणि तो देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे राहील. मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ ठरली. यामुळे ग्राहकाच्या हाती अशी खूण आली, जी चोराला विकत घेता येत नाही. कुलूप कुणालाही मिळतं, हे नाव मिळत नाही.

हिशेब

मग तीस वर्षांत मिळालं काय? यादीवर आलेली बनावट साइट आज बहुतेक वेळा लाल पानावर अडते आणि माणूस मागे फिरतो. हे यश खरं आहे. पाच अब्जांहून अधिक उपकरणांना या व्यवस्थेचं संरक्षण आहे, असं गूगल सांगतं. दुसरं, फसलेल्यालाच दोष देऊन मोकळं होण्याची वृत्ती कमी झाली. २०१३ चा निवाडा, २०१७ चं परिपत्रक आणि १९३० ही मदतवाहिनी यांनी यंत्रणेचा वाटा मान्य केला. पूर्ण नसला, तरी मान्य केला.

काय उरलं, ते केडगावात उभं राहून पाहिलं की स्पष्ट दिसतं. गावोगावच्या पतसंस्था म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतल्या बँका नव्हेत. 'बँक डॉट इन'ची खूण त्यांना मिळत नाही. दौंड तालुक्यातल्या कितीतरी घरांची ठेव मात्र तिथेच असते. त्या संस्थांनी ॲप काढलं, मेसेज पाठवायला सुरुवात केली, की त्यांची खरी खूण कोणती हे सभासदाला कोण सांगणार? हे काम सहकार खात्याचं आहे आणि ते पहिली मोठी फसवणूक होण्याआधी व्हायला हवं.

दुसरी उणीव भाषेची. अजूनही बँकांचे कित्येक इशारे इंग्रजीत किंवा कचेरीच्या मराठीत येतात. केडगावला याबाबत शिकवण्यासारखं काही नाही, उलट केडगावकडून शिकण्यासारखं आहे. पंडिता रमाबाईंनी इथल्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या स्त्रियांना लिहायला-वाचायला शिकवलं, छापखाना उभारला, त्या स्त्रियांनीच खिळे जुळवले. आयुष्याची अखेरची वर्षं रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी वेचली. खेड्यातल्या बाईला वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. एवढा मोठा ग्रंथ तिच्या भाषेत आणण्याचे कष्ट एका बाईनं घेतले, तर दोन ओळींचा इशारा तिच्या भाषेत लिहिणं बँकांना अवघड जाऊ नये. आणि जिला वाचता येत नाही, तिच्यासाठी फोननं तो बोलून दाखवावा.

तिसरी गोष्ट वेळेची. जुन्या खुणा बदलल्या की ते सांगण्याची जबाबदारी ज्यानं खूण शिकवली त्याचीच असते. शाखेतला कुलपाचा फलक उतरवून तिथे 'बँक डॉट इन'चा लावायला फार खर्च येत नाही. १९३० हा नंबर उपबाजाराच्या आवारात, दूध संकलन केंद्रावर, सोसायटीच्या भिंतीवर ठळक लिहायलाही नाही. फसलेला माणूस पहिले काही तास शरमेत घालवतो, घरच्यांपासूनही लपवतो, आणि तोवर पैसा पाच खात्यांतून पुढे गेलेला असतो. तो नंबर डोळ्यांसमोर असेल आणि फसल्याची शरम वाटू नये अशी गावाची रीत असेल, तर यंत्रणेनं बांधलेला बांध कामी येईल.

या सगळ्या इतिहासातून एक निकष हाती लागतो आणि तो प्रत्येक नव्या इशाऱ्याला लावता येतो. तो माणसाच्या वाटेत उभा राहतो का, त्याच क्षणी येतो का, त्याच्या भाषेत बोलतो का, आणि चोराला त्याची नक्कल करणं अशक्य आहे का? या चारांतलं एकही उत्तर चुकलं, तर तो इशारा देणाऱ्याच्या समाधानापुरता उरतो. चारही जुळली, तर ज्याला तांत्रिक काहीही कळत नाही असा माणूसही वाचतो. आपल्या बँकांना, पतसंस्थांना आणि सरकारी खात्यांना हे चार प्रश्न विचारण्याचा हक्क केडगावच्या खातेदाराला आहे, आणि त्यानं तो बजावला पाहिजे.